पान उठेना, गोगी निजेना

एक होती काचेची पेटी.
पेटीत होतं पाणी.
पाण्यात होती वाळू.
वाळूत होतं झाड.
झाडाला होतं पान. एकच, पण हे एवढं मोठं.
आणि पानाखाली होती गोगी.

गोगी म्हणजे गोगलगाय. वाटाण्याएवढी. पाठीवर शंख, शंखाला दार. ती रोज काय करायची? काच चाटायची. पोट भरलं की पानाखाली जायची. दार लावायची आणि निजायची. कुणाच्या अध्यात नाही, कुणाच्या मध्यात नाही.

पेटी होती विसूकाकांची. विसूकाकांना सगळं यायचं. निदान त्यांना तरी तसं वाटायचं.

झाड घरी आणलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, हे पाण्यातलं झाड आहे. ह्याला वाळूत पुरू नका. दगडाला बांधा. आणि उजेड थोडासाच ठेवा."

काका म्हणाले, "मला नको शिकवूस. अंगणातली तुळस कुणी लावली? मीच ना?"

आणि काकांनी झाड पुरलं. पार मानेपर्यंत पुरलं. तुळशीसारखं चारी बाजूंनी थोपटलं. थप थप थप. मग वर दिवा लावला. लख्ख लख्ख लख्ख. दिवा कसला, भर दुपारच होती ती.

पाणी हिरवं झालं. काका म्हणाले, "वा, काय हिरवळ."

झाड मलूल झालं. पान वाकलं. वाकलं, वाकलं आणि वाळूवर आडवं पडलं. फतक.

गोगी आली निजायला. बघते तर काय? पानाखाली शिरायला जागाच नाही. सावली नाही. वरून दिवा, लख्ख लख्ख लख्ख. गोगीला खूप झोप आली होती. तिला रडूच आलं.

पण रडून पान थोडंच उठतं? गोगीने डोळे पुसले. म्हणाली,
"पानदादा, पानदादा, जरा ऊठ ना.
मला निजायचंय."

पान म्हणालं, "मी नाही उठणार. माझ्या झाडाची मान वाळूत अडकली. आधी वाळू सरकू दे. मग बघू."

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. वाळूकडे आली.

"वाळूताई, वाळूताई, जरा सरक ना.
पान उठेना,
मग मी निजू कुठे?"

वाळू हसली. खसखस खसखस. म्हणाली, "मी नाही सरकणार. आत्ताच कुठे पाय पसरून बसले. आधी मासा उकरू दे. मग बघू."

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. माशाकडे आली.

मासा होता मिशीवाला. वाळू उकरणं हेच त्याचं काम. पण तो बसला होता लाकडामागे लपून.

"मासेराव, मासेराव, जरा उकरा ना.
वाळू सरकेना,
पान उठेना,
मग मी निजू कुठे?"

मासेरावांनी एक मिशी हलवली. मग दुसरी हलवली. म्हणाले, "आम्ही नाही उकरणार. आम्हाला उजेड सोसत नाही. आधी दिवा मंद होऊ दे. मग बघू."

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. काच चढली. घसरली. पुन्हा चढली. दिव्याकडे आली.

"दिवेसाहेब, दिवेसाहेब, जरा मंद व्हा ना.
मासा उकरेना,
वाळू सरकेना,
पान उठेना,
मग मी निजू कुठे?"

दिवा आणखीच फुगला. म्हणाला, "मी नाही मंद होणार. मी मोठा दिवा आहे. मंद व्हायला मी काय समई आहे? आधी बटण फिरू दे. मग बघू."

ह्या घरात सगळ्यांना 'मग बघू' फार आवडायचं. त्याला कष्ट पडत नाहीत ना.

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. बटणाकडे आली. बटण होतं गोल गोल, दिव्याच्या कुशीत बसलेलं.

"बटणभाऊ, बटणभाऊ, जरा फिर ना.
दिवा मंद होईना,
मासा उकरेना,
वाळू सरकेना,
पान उठेना,
मग मी निजू कुठे?"

बटण म्हणालं, "मी नाही फिरणार. मी आपल्या मनाने कधीच फिरत नसतो. मला वरून हुकूम लागतो. आधी काका ऐकू देत. मग बघू."

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. पेटीच्या काठावर आली. काठावर होता काकांचा हात, हातात बिस्किट. दुसऱ्या हातात चहा. बिस्किट चहात बुडे, वर येई. डुबुक.

"काका, काका, जरा ऐका ना.
बटण फिरेना,
दिवा मंद होईना,
मासा उकरेना,
वाळू सरकेना,
पान उठेना,
मग मी निजू कुठे?"

काका म्हणाले, "मी नाही ऐकणार. रविवारी पाहुणे यायचेत. पेटी कशी लख्ख दिसली पाहिजे. आणि पानाला काही झालेलं नाही. ते जरा आडवं झालंय, इतकंच. आधी काकू बोलू दे. मग बघू."

इकडे पानाची कड पिवळी झाली. पिवळी होती ती तपकिरी झाली. आता पान कुजलं, तर गोगी कायमची उन्हात. दुसरं पान होतं कुठे?

गोगी घाबरली. भरभर निघाली. गोगलगायीचं भरभर ते केवढं? पण निघाली. सुळुकसुळुकसुळुकसुळुक. काकूंकडे आली. काकू पेटीची काच पुसत होत्या.

"काकू, काकू, जरा बोला ना.
काका ऐकेनात,
बटण फिरेना,
दिवा मंद होईना,
मासा उकरेना,
वाळू सरकेना,
पान उठेना,
मग मी निजू कुठे?"

काकूंनी फडकं खाली ठेवलं. म्हणाल्या, "मी नाही बोलणार बाई. बोलून बोलून माझं तोंड दुखलं. ह्यांचे कान बोलून उघडत नाहीत, चावून उघडतात. आधी मुंगी चावू दे. मग बघू."

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. आता तिचं पोट सुकलं होतं. शंख जड झाला होता. पण ती काठाकाठाने गेली. तिथे होता बिस्किटाचा चुरा. चुऱ्यापाशी होती मुंगी. लाल, बारीक, तिळाएवढी.

आता गोगीने मोठा श्वास घेतला. तुम्हीही घ्या.

"मुंगीबाई, मुंगीबाई, जरा चाव ना.
काकू बोलेनात,
काका ऐकेनात,
बटण फिरेना,
दिवा मंद होईना,
मासा उकरेना,
वाळू सरकेना,
पान उठेना,
मग मी निजू कुठे?"

मुंगी म्हणाली, "कुणाला चावू?"

"काकांना."

"बरं," मुंगी म्हणाली.

बस्स, एवढंच म्हणाली. 'मग बघू' तिला येतच नव्हतं. तिने चुरा खाली ठेवला. पाय झटकले. आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. काकांच्या हातावर चढली. तुरुतुरु तुरुतुरु. बोटावर आली. चांगली जागा बघितली.

आणि चावली. कडकडून.

"आई गं," काका म्हणाले. बिस्किट चहात पडलं. डुबुक. बोट तोंडात गेलं.

मुंगी चावली,
तशा काकू बोलल्या, "अहो, दिवा मंद करा. झाड मोकळं करा. कितीदा सांगू?"
काकू बोलल्या,
तसं काकांनी ऐकलं. बोट तोंडात असलं की माणसाला उलट बोलता येत नाही.
काकांनी ऐकलं,
तसं बटण फिरलं. कुर्र कुर्र.
बटण फिरलं,
तसा दिवा मंद झाला. अगदी समईएवढा.
दिवा मंद झाला,
तसा मासा आला. सळसळ सळसळ. मिशीने उकरू लागला.
मासा उकरू लागला,
तशी वाळू सरकली. खसखस खसखस.
वाळू सरकली,
तशी झाडाची मान सुटली. काकूंनी बाही वर केली. पाण्यात हात घातला. झाड दगडाला दोऱ्याने बांधलं. हळूच, वेणी घालतात तसं.
झाड दगडावर बसलं,
तसं पान उठलं. जरा कडेला तपकिरी, पण उठलं. ताठ.
पान उठलं,
तशी खाली सावली झाली. थंडगार. गोगीएवढी.

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. काठावरून खाली. काचेवरून खाली. वाळूवरून पुढे. पानाखाली शिरली.

रविवारी पाहुणे आले. मोठी आत्या आली. सगळ्यांनी पेटी बघितली.

"किती शांत वाटतं," आत्या म्हणाली. "डोळे निवले बाई. कुणी केलं हे?"

काका पुढे आले. म्हणाले, "मीच. पाण्यातलं झाड पुरायचं नसतं. दगडाला बांधायचं असतं. आणि उजेड थोडासाच ठेवायचा असतो. मला पहिल्यापासून माहीत होतं."

काकूंनी वर पंख्याकडे बघितलं. मासेराव मिशीत हसले. बुडबुड बुडबुड.

आत्या म्हणाली, "हो का? मग विसू, बोटाला काय झालंय रे? केवढं सुजलंय."

काकांनी बोट खिशात घातलं. म्हणाले, "चहा घेणार ना?"

आणि गोगी? तिने हे काही ऐकलंच नाही. ती पानाखाली होती. शंखात शिरली. दार ओढलं. टप.

पान उठलं, दिवा निवला, गोगी निजली शंखात;
तुम्हीही निजा आता, डोकं खुपसा उशीत.