रानातले लावे

“आता सोडायचं आणखी काय राहिलं, बाबा?”

वामननं हा प्रश्न त्या सकाळी तिसऱ्यांदा विचारला.

भिवाबाबा ओट्यावर बसून नाचणी पाखडत होते. सुपाची लय त्यांनी मोडली नाही.

“तूच सांग.”

“घर सुटलं. अंथरूण सुटलं. गोडधोड सुटलं. राग सुटला. भीती तर कधीच सुटली.”

“भीतीसुद्धा?”

“गेल्या आषाढात गोठ्यावर झाड पडलं, तेव्हा सगळे पळाले. मी आसनावरून हललो नाही. तुम्ही पाहिलंत.”

“पाहिलं की. गाय आत अडकली होती. तिला सोडवायला मीच पळालो.”

वामननं मान डोलावली. बाबांच्या बोलण्यातलं आपल्याला हवं तेवढंच ऐकायची त्याला सवय झाली होती.

अकरा वर्षं झाली होती त्याला या मठात. मठ म्हणजे काय, दोन खोल्या, एक गोठा आणि चहूबाजूंनी दिवसाही अंधारलेलं, ओलं, घनदाट रान. घाटाखालच्या मोठ्या मठाची गादी रिकामी होती. तिथली मंडळी आठ दिवसांनी येणार होती. बाबांनी ज्याच्याकडे बोट दाखवावं, त्यानं गादीवर बसावं, असं ठरलं होतं.

वामनला ते बोट हवं होतं.

“मग, बाबा… मी तयार आहे ना?”

बाबांनी सूप खाली ठेवलं. धोतराला लागलेला कोंडा झटकला.

“घागर घे. पाण्याला जाऊ.”

दोघं रानात शिरले. पाऊस सरून महिना झाला होता, तरी पानापानांतून पाणी ठिबकत होतं. पायाखाली कुजलेल्या पाचोळ्याचा गादीसारखा थर. वामन मान ताठ ठेवून, शांत पावलं टाकत चालला होता. आपण किती शांत चालतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

झऱ्याच्या वरच्या उतारावर बाबा थांबले. त्यांनी समोरच्या पाचोळ्याकडे हनुवटी उडवली.

“काय दिसतं?”

“पाचोळा.”

“आणखी?”

“माती. दोन दगड.”

“नीट बघ. आणखी?”

वामननं पाहिल्यासारखं केलं.

“काही नाही, बाबा.”

“बरं… मग चल पुढं. आधी तू.”

वामननं पाऊल टाकलं आणि पायाखालची जमीनच उडाली!

फर्रर्रर्र करत पाच-सात भुरे गोळे त्याच्या पायांतून, मांड्यांजवळून, थेट नाकासमोरून दाही दिशांना सुटले. वामन हातभर उंच उडाला. घागर एकीकडे, तो दुसरीकडे. उतारावरून लोळत, कारवीची झुडपं मोडत तो धपकन झऱ्यात जाऊन पडला.

“आई गंऽऽऽ!”

सारं रान दणाणलं. वरच्या फांद्यांवरची वानरं हुप्प हुप्प करत पळाली.

मग शांतता… आणि तिच्यात एक आवाज.

बाबा हसत होते. जांभळाच्या खोडाला मिठी मारून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसत होते.

कमरेएवढ्या पाण्यात बसलेला वामन लाल झाला.

“काय होतं ते?”

“लावे. मुठीएवढं पाखरू. रोज सकाळी इथंच बसतात.”

“तुम्हाला माहीत होतं!”

“होतं की.”

“मग सांगितलं का नाही?”

“तीनदा विचारलं, काय दिसतं म्हणून.”

वामनच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण तेवढ्यात त्याच्या जटांतून एक बेडकी टुणकन उडाली, त्याच्या नाकावर क्षणभर टेकली आणि पाण्यात गेली. त्याच्या पोटातून काहीतरी उसळलं. त्यानं ते दाबून पाहिलं. दबेना. मग तोही हसायला लागला. अकरा वर्षांचं हसू तुंबलेलं होतं, ते थांबता थांबेना.

हसता हसता बाबांनी विचारलं, “हाक कुणाला मारलीस रे?”

“हाक? कुणाला नाही.”

“वानरांनी ऐकली.”

“ते… ते आपोआप येतं तोंडातून. सगळ्यांच्याच येतं.”

“माझ्या ‘मेलो’ येतं.”

वामन हसला, आणि मधेच थांबला.

कळंबवाडी इथून दोन दिवसांच्या वाटेवर. तिथं त्याची आई, द्वारकाबाई, एकटी राहत होती. तिनं तीनदा निरोप पाठवला होता. तिन्ही वेळा निरोप आणणाऱ्याला वामननं दारातूनच परत पाठवलं होतं. इथं त्या नावाचं कुणी राहत नाही म्हणून. शेवटचा निरोप श्रावणातला. त्या दिवशी स्वतःच्या निग्रहाचं त्याला फार कौतुक वाटलं होतं.

पाणी गार होतं. तो उठला नाही.

“बाबा…”

“श्श. ऐक.”

कारवीतून एक बारीक शीळ आली. अगदी हळू, विचारल्यासारखी.

थोडा वेळ काही नाही. मग झऱ्यापलीकडून दुसरी शीळ. मग डावीकडून एक. एकेक लावा पाचोळ्यातून तुरुतुरु पळत निघाला. लाल चोच, छातीवर काळे ठिपके. पाखरं असून कुणी उडालं नाही. सगळी चालतच एका झुडपाखाली जमली, अंगाला अंग लावून.

पण शीळ थांबेना.

“अजून का बोलावताहेत?” वामननं कुजबुजत विचारलं.

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

एक शीळ… थांबून दुसरी… पुन्हा तीच. वामननं श्वास धरला. समोरच्या काठावर पाचोळा हलला. एक लहानसा लावा बाहेर आला, पाण्याकडे पाहून थबकला, मागे वळला. शीळ आली. तो पुन्हा पुढे झाला. मग आडव्या पडलेल्या खोडावरून, पंख अर्धवट पसरून, तोल सावरत असा काही धावला की वामन पाण्यातच उभा राहिला.

“आला! बाबा, आला!”

तो ओरडला आणि सगळे लावे पुन्हा फर्रकन उडाले.

बाबांनी कपाळावर हात मारला. “झालं! आता बिचाऱ्यांना पुन्हा सगळं पहिल्यापासून.”

वामननं निथळतं धोतर पिळलं. घागर शोधली, भरली, काठावर ठेवली. मग बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“मी घरी जाऊन येऊ?”

“आणि गादीची मंडळी?”

“थांबली तर थांबतील.”

“वाटेत झोपडीवाल्या गोविंदाकडून भाकरी घे,” बाबा म्हणाले, “आणि उतारावर बघून चाल.”

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना वामन कळंबवाडीला पोचला. द्वारकाबाई अंगणात उडीद झोडत होती. केस पार पांढरे झालेले. तिनं दाढीजटा पाहिल्या, हात जोडले आणि भिक्षा आणायला आत गेली.

वामनला बोलायचं होतं. तो अंगणातच उभा राहिला.

ती ओंजळभर तांदूळ घेऊन आली. वाकून झोळी शोधू लागली आणि तिची नजर त्याच्या पायांवर थांबली. अंगठ्यापेक्षा लांब दुसरं बोट, त्यावर चढलेलं तिसरं.

“ही बोटं आमच्या घरातली आहेत,” ती म्हणाली.

वामनचे डोळे वाहू लागले.

द्वारकाबाईनं तांदूळ पदरात टाकले.

“भिक्षा मिळायची नाही. आत ये. पाट मांडते.”

जेवताना त्यानं लाव्यांची गोष्ट सांगितली. गोष्टीत बेडकी आली तेव्हा तिच्या हातून पळी पडली, इतकी ती हसली.

“कोंबडी उडाली तरी माझ्या मांडीत घुसायचास तू! आणि म्हणे भीती सुटली!”

महिनाभर तो तिथं राहिला. घर शाकारलं, विहिरीतला गाळ काढला, उडीद भरला. निघायचा दिवस आला तेव्हा द्वारकाबाईही गाठोडं बांधून दारात उभी होती.

“त्या बाबाला बघायचंय मला,” ती म्हणाली.

थांबत थांबत ती चार दिवस चालली. मठाच्या अंगणात पोचली तेव्हा भिवाबाबा गाईला खरारा करत होते.

वामन पाया पडला. बाबा म्हणाले, “मंडळी येऊन गेली. तू नाहीस म्हणून रागावली. गादीवर दुसऱ्याला बसवलं.”

वामन क्षणभर थांबला. छातीत कुठं काही दुखतं का, ते त्यानं पाहिलं. दुखत नव्हतं. त्याला हसूच आलं. त्यानं बाबांच्या हातातला खरारा घेतला आणि गाईच्या पाठीवरून फिरवू लागला.

द्वारकाबाई मात्र हसली नाही. पदर खोचून ती बाबांच्या समोर उभी राहिली.

“अकरा वर्षं माझा मुलगा ठेवून घेतलात. काय शिकवलंत त्याला?”

भिवाबाबांनी दोन्ही हात जोडले.

“खूप खपलो, बाई. जमेना… म्हणून तुमच्याकडं पाठवला.”