उजेडाचं बटण

एकदा एका किराणा दुकानदाराला, वयाच्या साठीत, स्वतःच्या हातांनी दिवा बनवण्याचा ध्यास लागला. विकत का घेतला नाही, असं तुम्ही विचाराल. गावानेही विचारलं. त्याच्याच दुकानात छताला बॅटऱ्या टांगलेल्या होत्या. पण घरातलं मायेचं माणूस आजारी पडलं की आपल्या हातांना स्वस्थता राहत नाही, आणि विकतच्या वस्तूत हात कुठे गुंतवायचे?

गाव धरणाच्या पाण्याला लागून होतं. जुनं गाव त्या पाण्याखाली गेलेलं. हिवाळ्यात सूर्य कलला की पाण्यावरून धुकं उठायचं आणि गल्ल्यागल्ल्यांतून चालत यायचं. आधी देवळाच्या पायऱ्या जायच्या, मग एसटीचा थांबा, मग दुकानाची पाटी. नवं गाव रोज संध्याकाळी थोडा वेळ जुन्या गावाला भेटून येतं, असं म्हातारी माणसं म्हणत. त्या वेळी लोक विनाकारण हळू बोलत. आणि नेमकी त्याच वेळी वीज जायची. तिला मुहूर्त बरोबर कळायचा.

दुकानदाराचं नाव नरहरशेट. त्याची बायको प्रमिलाबाई हे त्या दुकानाचं अर्धं अंग होतं. "ही डाळ नेऊ नका, शिजत नाही," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची आणि नरहरशेट कपाळाला हात लावायचा. नवऱ्याला तर ती दिवसातून दहादा 'नको' म्हणायची. पावसाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. उजवा हात चांगला होता, वाचाही शाबूत होती. पण तिच्या वाचेत आता दोनच शब्द उरले होते. चहा गार झाला का? "असू दे." खिडकी लावू का? "असू दे." कूस बदलू का? "असू दे."

नरहरशेटने बायकोला तळहाताच्या फोडासारखं जपलं. काय खायचं, केव्हा उठायचं, कोणतं पांघरूण घ्यायचं, सगळं तो डोळ्यांत तेल घालून पाहायचा. डॉक्टर मात्र चिंतेत होते. ते म्हणाले, "शेट, औषध मी देईन. पण यांना काहीतरी हवंसं वाटलं पाहिजे. हवंसं वाटलं तर त्या हात उचलतील. नाही वाटलं, तर चांगला हातही हळूहळू निजेल."

हे वाक्य नरहरशेटच्या काळजात रुतून बसलं.

वीज गेली की प्रमिलाबाई भिंतीकडे तोंड करून पडायची. बॅटरीचा झोत तिच्या डोळ्यांना सोसत नसे, कंदिलाच्या वासाने तिला खोकला यायचा. म्हणून त्याने ठरवलं, सेलवर चालणारा आणि कमीजास्त होणारा असा एक दिवा करायचा. आणि तो दाजीबांकडे गेला.

दाजीबा हे रेडिओ दुरुस्त करणारे वृद्ध गृहस्थ. आता रेडिओ येत नव्हते, तरी दाजीबा रोज सकाळी टेबल पुसून बसायचे. त्यांनी नरहरशेटच्या तळहातावर ज्वारीच्या दाण्याएवढा एक एलईडी ठेवला.

"याला दोन पाय. लांब पाय धन बाजूला. एवढं लक्षात ठेवलंस तर निम्मी विद्या आली."

नरहरशेटने पहिल्याच फटक्यात तो उलटा लावला आणि दिवा बिघडलेला आहे असं जाहीर केलं. दुसऱ्या खेपेला सुलटा लावला, पण थेट नऊ व्होल्टच्या बॅटरीला. दाणा लख्ख चमकला आणि कायमचा विझला.

"दिसला?" दाजीबांनी विचारलं.

"दिसला."

"मग झालं तर. आता तो खिशात ठेव, आठवण म्हणून."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असे काही दिवस गेले. बोटं भाजली, तापलेल्या सोल्डरचे थेंब धोतरावर पडले. मग एका दुपारी दाजीबांनी जुन्या रेडिओचं आवाज कमीजास्त करायचं बटण काढून दिलं. नरहरशेटने ते सेल आणि दिव्याच्या मध्ये जोडलं. बटण फिरवलं तसा तो दाणा झोपेतून उठल्यासारखा उजळत गेला, उलटं फिरवलं तसा पुन्हा निजला. नरहरशेट हरखून गेला. चहा निवला तरी तो पहाट करत होता आणि संध्याकाळ करत होता. मग हौसेच्या भरात त्याने बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तोही दिवा जळाला.

दाजीबा हसले. त्यांनी तांदळाएवढा, रंगीत पट्ट्यांचा एक रेझिस्टर त्याच्यापुढे ठेवला. "बटणाने अडवायचं सोडलं की सगळी वीज दिव्याच्या अंगावर येते. म्हणून हा मध्ये घाल. बटण कुणीही कितीही फिरवो, हा जागचा हलत नाही. याच्या भरवशावर दिवा वाचतो."

अखेर दिवा जमला. चहाच्या पत्र्याच्या डब्यात दाणे बसले, पुढे बटर पेपर लागला, आणि उजेड इतका मऊ झाला की दाजीबांनीही मान डोलावली. नरहरशेटने तो डबा प्रमिलाबाईच्या पलंगावरच्या भिंतीवर उंच, कॅलेंडरच्या खिळ्याला टांगला. पलंगाच्या पायथ्याशी खुर्चीत बसून त्याने उजेड पारखला, पुन्हापुन्हा उठून डब्यावरचं बटण योग्य वाटलं तिथे आणलं आणि पेन्सिलीने खूण केली.

त्या संध्याकाळी धुकं आलं आणि वीज गेली. नरहरशेटने दिवा लावला. खोलीभर दुधाळ उजेड पसरला.

"कसा आहे?"

"असू दे."

त्याने थोडा वाढवला. "आता?" "असू दे." थोडा कमी केला. "असू दे." आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. नरहरशेट खुर्चीत बसून राहिला. इतकं हताश त्याला ती आजारी पडली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो दाजीबांना म्हणाला, "दिवा जमला, पण माझं काहीतरी चुकलंय. तुम्ही एकदा येऊन बघा."

दाजीबा संध्याकाळी आले तेव्हा वीज गेलेली होती आणि दिवा लागलेला होता. खुर्चीत बसले. दिव्याकडे पाहिलं, पेन्सिलीच्या खुणेकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं. मग उठले, खिशातून छोटी पक्कड काढली आणि बटणाच्या दोन्ही वायरी कचकन कापल्या. खोलीत अंधार झाला.

"अहो दाजीबा, हे काय केलंत?" नरहरशेट पुढे सरसावला. "मोठ्या मुश्किलीने जमलं होतं हो."

दाजीबांनी पिशवीतून लांब वायर काढली. "मी बॅटरी पेटवून धरतो. तू जोड. आता येतं तुला."

नरहरशेटने वायर जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली. आता डबा भिंतीवर होता आणि बटण लांब वायरीच्या टोकाला. दाजीबांनी ते उलटं फिरवून दिवा निजवला, कुंकवाच्या रिकाम्या डबीत ते बसवलं आणि प्रमिलाबाईच्या उजव्या हाताजवळ चादरीवर ठेवलं. हातात दिलं नाही, नुसतं जवळ ठेवलं.

नरहरशेट त्यांच्या कानाशी लागला. "तिने चुकून पूर्ण फिरवलं तर?"

"मग लख्ख उजेड पडेल. दुसरं काय होणार? तो छोटा बसलाय ना आत राखणीला. चल, ओट्यावर बसू."

बाहेर धुकं दारापर्यंत आलं होतं. दोघे ओट्यावर टेकले. दाजीबा बोलू लागले.

"नरहर, माझा पाय मोडला होता तेव्हा मी भावाकडे होतो. सगळ्यांनी जिवाचं रान केलं माझ्यासाठी. मला उकडू नये म्हणून पंखा दिवसभर चालू ठेवायचे. पंखा माझ्या डोक्यावर आणि बटण दाराजवळ. महिनाभर मी त्या वाऱ्याने कुडकुडत होतो रे. पण एवढं करणाऱ्या माणसांना 'पंखा बंद करा' कोणत्या तोंडाने सांगायचं? कुणी विचारलं की मी म्हणायचो, असू दे."

नरहरशेटने मान वर केली.

"उपकाराखाली दबलेलं माणूस मागणं विसरतं. आधी लाजेने मागत नाही, मग सवय होते, आणि मग आपल्याला काय हवंय तेच त्याला कळेनासं होतं. तू तिला पडू देत नाहीस, जळू देत नाहीस, ते उत्तमच आहे. तुझं काम त्या छोट्या रेझिस्टरचं. जागा सोडायची नाही. पण बाबा रे, बटण तिचं आहे."

नरहरशेटच्या डोळ्यांपुढे पेन्सिलीची खूण होती. ती त्याने खुर्चीतून पाहून ठरवली होती.

तेवढ्यात समोरचं धुकं हलकेच उजळलं. दोघांनी वळून पाहिलं. खिडकीतून उजेड बाहेर येत होता. तो वाढत गेला, अंगणातलं तुळशीवृंदावन धुक्यातून वर आलं, कठड्यावरची कोरांटी दिसू लागली. मग उजेड ओसरला आणि ते सगळं पुन्हा आत गेलं. पुन्हा वाढला. पुन्हा ओसरला. सबंध अंगण सावकाश श्वास घेत होतं. नरहरशेट खुळ्यासारखा पाहत राहिला. तिचा हात हलत होता.

शेवटी उजेड अगदी मंद झाला आणि तिथेच थांबला. नरहरशेटच्या खुणेवरच्या उजेडाहून कितीतरी कमी. मग मात्र त्याला राहवलं नाही. इतक्या दिवसांची सवय एका संध्याकाळी कशी जाणार? तो आत गेला आणि वाकून म्हणाला, "अगं, एवढ्याशा उजेडात तुला काय दिसणार? जरा वाढवू का?"

आणि त्याचा हात डबीकडे गेला.

"नको."

नरहरशेटचा हात होता तिथेच थबकला. कितीतरी महिन्यांनी तो शब्द त्या घरात उमटला होता.

प्रमिलाबाई खिडकीकडे तोंड करून पडली होती. "मोठा केला की काचेत हा पलंगच दिसतो," ती हळू, एकेक शब्द जुळवत म्हणाली. "बारीक केला की बाहेरचं धुकं दिसतं. पाण्यापर्यंत."

नरहरशेट पलंगाच्या कडेला टेकला. प्रथमच तो उशीच्या उंचीवर आला होता. त्याने तिच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. काचेपलीकडे पांढरं, निवांत धुकं हलत होतं, आणि त्याच्या तळाशी कुठेतरी पाणी चमकत होतं. खुर्चीतून ही खिडकी दिसतच नसे.

त्याचे डोळे भरून आले. मंद उजेडात ते तिला दिसले असावेत, कारण तिने बटण किंचित फिरवलं, त्याचा चेहरा नीट पाहिला, आणि पुन्हा कमी केलं.

"आणि एक सांगू?" ती म्हणाली.

"सांग की."

"चहा फार पांचट करता तुम्ही."

ओट्यावर बसलेल्या दाजीबांनी हे ऐकलं, पिशवी काखोटीला मारली आणि निरोप न घेताच ते धुक्यातून घरी निघाले.

आपल्या घरी कुणी अंथरुणाला असेल, तर एकदा त्यांच्या उशीवर डोकं टेकून पाहावं, म्हणजे बटण किती लांब आहे ते कळतं.