रिकाम्या जागेचे गवत

फार पूर्वी, सुभेदाराच्या शब्दापुढे कोणी शब्द काढत नसे अशा काळात, एका नगरात एक सुभेदार राहत होता. महिन्याभराने महाराज त्याच्याकडे पाहुणे म्हणून येणार होते आणि महालापुढे नुसता मुरूम पसरला होता. बी पेरून हिरवळ वाढवायला वेळ नव्हता. सुभेदार कारभाऱ्याला म्हणाला, "तयार गवत आण."

कारभारी डोंगरापलीकडच्या गावी गेला. तिथे एक गायरान होते. तो पोचला तेव्हा भर दुपार होती आणि गुरे ओढ्यावर पाण्याला गेली होती. त्याने घोड्यावरूनच नजर फिरवली आणि कागदावर लिहिले, "जागा रिकामी. वापर कोणाचाही नाही." दुसऱ्याच दिवशी माणसे लावून त्याने मातीसकट गवताच्या लाद्या कापल्या, गाड्यांत भरल्या आणि महालापुढे आणून अंथरल्या.

हिरवळ राखायला एक माळीण नेमली. ती एकटीच होती. महालामागची झोपडी सोडली तर जगात तिचे काहीच नव्हते.

"गवत लागलं तर झोपडी तुझी," सुभेदार म्हणाला. "नाही लागलं तर तू वेशीबाहेर."

माळीण जाणती होती. लाद्यांच्या सांध्यांत तिने पोयट्याची माती भरली, वरून लाकडी रूळ फिरवला, सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी दिले. "मुळं धरेपर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही," असे बजावून तिने चारी बाजूंनी दोरी बांधली.

बाराव्या दिवशी दुपारी तिला हिरवळीच्या मधोमध एक खळगा दिसला. एखादे जड जनावर बसावे तसे तिथले गवत दबले होते. भोवतीचे शेंडे खाल्लेले होते. दोरी मात्र जशीच्या तशी ताणलेली. तिने खळग्यावर हात ठेवला. जागा गरम होती. आणि तळहाताखाली काहीतरी संथ वरखाली होत होते.

दुसऱ्या दिवशी दोन खळगे झाले. तिसऱ्या दिवशी तीन. माळीण उन्हात राखण करत बसली. कोणी आले नाही, पण गवत तुटल्याचा आवाज येत राहिला. शेपटी फिरावी तसा वारा तिच्या गालाला लागला. घाबरत तिने एका लादीचा कोपरा उचलून पाहिला. एकही मूळ खाली उतरले नव्हते. सगळी मुळे आडवी, डोंगराच्या दिशेने वळलेली होती.

तिसाव्या दिवशी खळगे एकोणीस झाले. उद्या महाराज येणार होते. कारभाऱ्याने त्या गावचा म्हातारा गुराखी हात बांधून आणला.

"सरकार, यानंच सूडानं गुरं सोडली," तो म्हणाला. मग माळिणीच्या कानाशी लागला, "बाई, 'गुरं पाहिली' एवढंच म्हण. झोपडी राहील. म्हाताऱ्याचं काय, तो आज ना उद्या जायचाच आहे."

"माझी गुरं?" म्हातारा हसला. ते हसू बघवत नव्हते. "गवत नेलंत, आणि बाराव्या दिवशी पहिली गाय बसली ती उठलीच नाही. मग रोज एक. आज सकाळी एकोणिसावी गेली. आता गोठ्यात नुसती दावी उरलीत. ती सोडली म्हणता का सरकार?"

माळीण खळग्यांकडे वळली.

"बोल!" सुभेदार ओरडला. "गुरं पाहिलीस की नाही?"

तिने एकदा झोपडीकडे पाहिले. मग म्हणाली, "नाही पाहिली सरकार. न पाहिलेलं सांगून या बाबाला कशी मारू? पण ती इथंच आहेत. आत्ता बसलीत. त्यांचं गवत त्यांना परत द्या."

"दिसत नाहीत आणि बसलीत! उन्हानं चळली ही. उचला हिचं बोचकं!" सुभेदार दोरी ओलांडून तरातरा हिरवळीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. "बघा, आहे का इथं कोणी?"

तेव्हा एकोणीस खळग्यांतले गवत एकेक करून ताठ उभे राहिले. वरचा भार उठला होता.

सुभेदार डावीकडे वळला आणि थबकला. उजवीकडे वळला, पुन्हा थबकला. त्याने हात पुढे केला आणि ओले काही लागल्यासारखा झटकन मागे घेतला.

"कारभारी, हाकला यांना!"

"कोणाला, सरकार?" कारभारी दोरीबाहेरूनच म्हणाला. आत जायची त्याची छाती झाली नाही.

दिवस कलला. गुरे घरी परततात त्या वेळी धूळ उठली आणि त्या धुळीत सुभेदार चालू लागला, चहूबाजूंनी रेटत नेल्यासारखा. वेस ओलांडून तो डोंगराच्या वाटेला लागला. शिपाई हाका मारत मागे धावले. धूळ बसली तेव्हा वाटेवर कोणी नव्हते.

महाराजांना माळिणीने जेवढे घडले तेवढेच सांगितले. त्यांच्या हुकमाने म्हातारा सुटला, लाद्या गायरानात परत गेल्या, नवी गुरे आली. माळीणही त्याच गावात राहायला गेली आणि तिच्या हाताखाली गवताने मुळे धरली.

आजही संध्याकाळी गुरे परतली तरी गावकरी वाट अडवत नाहीत. मागून आणखी एक कळप येतो. तो दिसत नाही, खुरांचा आवाज तेवढा येतो. आणि त्या खुरांमध्ये, थकून फरफटणारे, जोडे घातलेले दोन पाय.

तात्पर्य, निदान कागद लिहिणाऱ्यांनी तरी ध्यानात ठेवावे असे: ज्या जागेला आपण न विचारता 'रिकामी' म्हणतो, तिथे कोणाचे तरी जगणे बसलेले असते, ते उठवले, तर ते आपल्या दारात येऊन बसते.