गरुडाची आठवण

गोष्ट फार जुनी नाही, पण सांगणारे आता थोडे उरलेत. एका गावच्या वाचनालयातल्या संगणकात दोन ब्राउझर राहत, गरुड आणि कासव. गरुड डोळ्याचं पातं लवायच्या आत हवं ते पान आणून देई आणि कोणी काय शोधलं, ते पक्कं ध्यानात ठेवी. कासवाला वेळ लागे, आणि माणूस उठलं की ते सगळं पुसून टाकी.

"विसरभोळ्या, तुला विचारतं कोण?" गरुड त्याला हिणवी.

एके दिवशी शिवणकाम करणाऱ्या शेवंताताई आल्या. आजूबाजूला पाहत त्यांनी गरुडाला विचारलं, "छातीत गाठ लागते. काय असेल?" गरुडानं झटक्यात उत्तरं आणली.

त्या उठून दाराशी गेल्या आणि त्यांच्या जागी शेजारचे दिगंबरराव एसटीचं वेळापत्रक पाहायला बसले. गरुडानं हुशारी दाखवत त्यांच्यापुढे गाठीवरच्या औषधांच्या जाहिराती मांडल्या.

"अहो शेवंताताई," दिगंबरराव सगळ्यांदेखत म्हणाले, "हे तुम्ही शोधत होता काय?"

शेवंताताईंचा चेहरा पांढराफटक पडला. पायांत चपला न घालताच त्या बाहेर पडल्या. गरुडाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवड्यानं त्या परत आल्या, पण कासवाकडे वळल्या आणि बराच वेळ वाचत बसल्या. त्या गेल्यावर गरुडानं खालमानेनं विचारलं, "बरी आहे ना रे त्यांची तब्येत?"

"मला नाही आठवत," कासव म्हणालं.

गरुडाला मात्र सगळं आठवत होतं.