सोन्याच्या गोळ्यांचं भांडण

लग्नमंडपात टांगलेले सोन्याचे दोन गोळे एकमेकांजवळ यायलाच तयार नव्हते! एकाच आकड्याला, सारख्या लांबीच्या रेशमी दोऱ्यांनी लटकवलेले. खरं तर त्यांनी गालाला गाल लावून राहायचं. पण सकाळपासून दोघे चार बोटांचं अंतर राखून असे ताठले होते, जसे बांधावरून भांडलेले भाऊबंद.

धारेराव महाराजांच्या घराण्याची रीतच होती ती. लेकीचं लग्न ठरलं की आतून पोकळ, पिसासारखे हलके असे दोन गोळे मांडवात टांगायचे. एक नवरीचा, एक नवऱ्याचा. गोळे चिकटून राहिले तर संसार गोडीचा! आणि इथे लग्न परवावर आलेलं.

महाराजांनी स्वतः एका गोळ्याला बोट लावून पाहिलं. तसे दोघे धावत जवळ आले, गळाभेट झाली, आणि लगेच फटकून पुन्हा बाजूला! महाराजांचा पारा चढला.

"बोलवा त्या पटवेकऱ्याला!"

हैबती पटवेकरी वाड्यातले दागिने रेशमात गाठवून द्यायचा. तो लगबगीनं आला, सोबत त्याची लेक गोजरा. बापाच्या बरोबरीनं रेशीम वळणारी आणि बापापेक्षा चार शब्द जास्तच बोलणारी!

"इतकी वर्षं हे गोळे सोन्याच्या साखळ्यांना होते, तोवर गुण्यागोविंदानं राहिले," महाराज गरजले. "यंदा राणीसाहेबांच्या हौसेखातर तुझं रेशीम लावलं, आणि त्यानं माझ्या लेकीच्या संसारात बिब्बा घातला!"

"महाराज, काल बांधले तेव्हा चिकटूनच होते हो..."

"उलट बोलतोस? ऐका सगळे! ज्यानं या गोळ्यांत भांडण लावलं, त्यानं दिवस मावळायच्या आत वाड्याबाहेर व्हायचं. पुन्हा या देवडीत पाऊल टाकायचं नाही!"

हैबतीनं हात जोडले. ज्याला वाड्यानं हाकललं, त्याच्याकडे गावातली कुठली बाई आपलं मंगळसूत्र गाठवायला देणार? बापाचा उतरलेला चेहरा पाहून गोजराच्या पोटात तिसराच गोळा उठला. पण जीभ काही तिची थांबली नाही.

"महाराज, भांडण लावणारा कुणीही असला तरी हाच हुकूम?"

"कुणीही! धारेरावाचा शब्द आहे!"

"आणि मी गोळ्यांचं मनोमीलन केलं तर?"

"तर मागशील ते देईन. पण हात लावायचा नाही, फुंकर मारायची नाही, दोरा हलवायचा नाही! आहे हिंमत?"

गोजरा गोळ्यांभोवती फिरली. माघातली कोरडी थंडी. असल्या हवेत रेशमाचे पदर घोंगडीवर घासले गेले की तारा फिस्कारून उभ्या राहतात आणि दिव्याजवळ धरल्या की गपगार पडतात, हे तिचं रोजचंच. तिनं गोळ्यांकडे पाहिलं, मग महाराजांच्या खांद्यावरच्या काश्मिरी शालीकडे पाहिलं, आणि तिच्या जिवात जीव आला.

"सकाळपासून यांच्याजवळ कोण कोण आलं होतं, महाराज?"

"कोण येणार? सकाळी मी स्वतः या शालीनं पुसून लखलखीत केले. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देत नाही!"

"बरं बरं," गोजरा म्हणाली. "एक नीरांजन मागवा. रुसलेल्यांना आधी ओवाळावं लागतं!"

नीरांजन आलं. गोजरानं गोळ्यांना न शिवता, पण अगदी जवळून, सावकाश ओवाळायला सुरुवात केली. गोळे थोडे ढिले पडले... चार बोटांचं अंतर दोन बोटांवर आलं... आणि टिक्! गालाला गाल!

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराजांना मात्र गोळ्याच्या पोटाखाली काजळीचा ठिपका दिसला.

"अरेरे! डाग पाडलास!"

"चुकलं, महाराज. आपणच पुसावा. दोन्ही पुसा, नाहीतर एकच चमकेल. दुसऱ्या कुणाचा हात कसा चालेल?"

महाराजांनी शालीचा पदर धरला आणि दोन्ही गोळे घसाघसा पुसले. शाल बाजूला केली मात्र, गोळे ताडकन एकमेकांपासून दूर!

मांडवातले सगळे पुढे सरसावले.

"एकाच शालीनं दोघांना चिडवलं, महाराज," गोजरा हळूच म्हणाली. "दोघांच्या अंगात एकच राग भरला. सारखा राग भरलेले दोघे शेजारी बसतात होय? पूर्वी तो राग साखळीवरून उतरून जायचा. रेशमावरून तो उतरत नाही, एवढाच रेशमाचा अपराध!"

महाराजांनी आपल्या हातांकडे पाहिलं, मग देवडीकडे पाहिलं. दिवस कलायला लागला होता.

"म्हणजे... भांडण लावलं मी? आता माझ्याच वाड्यातून मीच बाहेर?"

"छे छे! आपण कसे?" गोजरानं कानाला हात लावले. "आपण तर पुसायला गेलात. भांडण लावलं या शालीनं! हाकला तिला!"

"अगं, पण शाल चालत कशी जाणार?"

"तेही खरंच. कुणीतरी खांद्यावर घेऊन जायला हवं. बाबांना जायचं सांगितलंच आहे, वाटेत पोचवतील! माझं मागणं तेवढंच!"

महाराज असे खदाखदा हसले, की आकड्याला टांगलेले गोळेसुद्धा डुलायला लागले. त्यांनी शाल काढली आणि स्वतःच्या हातांनी हैबतीच्या खांद्यावर घातली. लग्नात गोळ्यांना ओवाळण्याचा मान गोजराला दिला, वर जरीचं लुगडं दिलं.

हैबतीचं वाड्यातलं काम पुढेही सुरूच राहिलं. फक्त थंडीच्या दिवसांत आत शिरताना तो शाल काढून देवडीवरच्या पहारेकऱ्याकडे ठेवायचा. हुकूम तो हुकूम!