ठणकणारी नस

डोंगर अजून कोवळे होते तेव्हाची गोष्ट. कड्यावरून पडलेल्या एका बोकडाच्या तंगडीत हाड सांधायचं काम धडाक्यात चाललं होतं. हाडातला इवला कामकरी फोड्या तुटकं हाड फोडून काढी, त्याचा सोबती गवंडी नवं रची आणि शेजारची नस सारखी ठणके.

"अगं बाई, जरा गप्प बस की!" गवंडी खेकसला.

नस रुसून गप्प झाली. दुखणं थांबलं तसा बोकड लगेच उड्या मारू लागला! पण गवंड्याला काही सुचेना, आणि फोड्याचा हातोडा थांबेना. हाडाची चाळण झाली, तेव्हा गवंड्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याला रचायचा नि फोड्याला आवरायचा निरोप त्या ठणक्यातूनच तर येत होता!

"नसबाई, ठणक गं! जोरात ठणक!"

बोकड कळवळून खाली बसला. फोड्याचा हातोडा थांबला, आणि गवंड्याने हसत थापी उचलली.