दोन राखणदारांचा लॅपटॉप

“…पण मग फॉर्म भरणार कधी, दादा?”

सुवर्णानं हे तिसऱ्यांदा विचारलं. सुदर्शननं मान वर केली नाही.

“भरू ना, ताई. आधी लॅपटॉप नीट बसू दे.”

परवा ती आली तेव्हा लॅपटॉप नुकताच खोक्यातून निघाला होता. काल आली तेव्हा त्यात काहीबाही भरणं चाललं होतं. आज शेवटची तारीख. पाचला फॉर्म बंद होणार, आणि आत्ताच साडेतीन वाजून गेले होते.

मठाच्या कोपऱ्यातल्या खोलीत हा सगळा कारभार. गावच्या माणसाचा फॉर्म मठात भरून द्यायचा, हा हरगीरबुवांचा नेम. सुदर्शन त्यांचा शिष्य. शहरात कॉम्प्युटरचं शिकून आलेला, म्हणून हे काम त्याच्याकडे. आणि त्यातलं आपल्याला कळतं तेवढं कुणाला कळत नाही, हे त्याच्या बसण्यातच दिसायचं.

सुवर्णाला टेकून तिची ईश्वरी बसली होती. पोरीला जन्मापासून ऐकू येत नाही. अशा मुलांची शाळा दोन तालुके सोडून आहे, आणि तिथं सातच्या आतलीच मुलं पहिलीला घेतात. ईश्वरीला येत्या दिवाळीत सात पुरी होतील. गेल्या साली याच खोलीत, जुन्या कॉम्प्युटरवर तिचा फॉर्म अर्धा भरला आणि कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. तारीख गेली. वर्ष गेलं.

“गेल्या साली झालं ते परत व्हायला नको, म्हणूनच एवढं करतोय,” सुदर्शन म्हणाला.

“एवढं म्हणजे काय काय?”

“विषाणू शिरू नये म्हणून अँटिव्हायरस टाकला. राखणदार समजा. त्याच्या नजरेतून काही निसटलं तर, म्हणून दुसरा टाकला. एक कचरा साफ करणारा. एक वेग वाढवणारा.”

“आणि फॉर्म?”

पडद्यावर एक गोल फिरत होता. फिरत होता… फिरतच होता.

“उघडतोय,” सुदर्शन म्हणाला.

“मघापासून उघडतोयच की. नवा आहे ना हा? माझी सासू गुडघे धरून उठते, ती तरी याच्या आधी उठेल.”

सुदर्शनचे कान लाल झाले. त्यानं दोन बटणं जोरात दाबली. गोल तसाच फिरत राहिला.

तेवढ्यात हरगीरबुवा दारात आले. वाफ्याला पाणी सोडून आले होते, पाय घोट्यापर्यंत चिखलात. त्यांनी सुवर्णाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

“तू कालही इथंच होतीस ना गं?”

“परवाही होते, बुवा.”

बुवांनी शिष्याकडे पाहिलं.

“काय अडलंय?”

“अडलेलं काही नाही, बुवा. पाया पक्का करतोय. एकदा पक्का झाला की पाच वर्षं बघायला नको.”

“मग गोल कशाला फिरतोय?”

सुदर्शन जरा घुटमळला.

“पहिला राखणदार पान उघडायच्या आधी तपासतो. दुसऱ्याला वाटतं, हा पहिलाच चोर आहे. तो याला धरून ठेवतो. मग हा त्याला धरतो…”

“आणि?”

“आणि… तपासणी चाललीय.”

बुवांनी मायलेकींना बाहेर ओट्यावर जायची खूण केली. सुवर्णाच्या मनात आलं, आता हेही हाकलतात की काय? पण ती पोरीला घेऊन बाहेर गेली.

बुवा उंबऱ्याच्या एका कडेला उभे राहिले. हातातल्या काठीचं एक टोक स्वतः धरलं, दुसरं समोरच्या कडेला सुदर्शनला धरायला लावलं. दारात काठी आडवी.

“मी सांगेपर्यंत तुझं टोक खाली करायचं नाही,” बुवा म्हणाले. “तू सांगेपर्यंत मीही करणार नाही.” आणि बाहेर बघून म्हणाले, “ये बाई आत.”

सुवर्णा पुढं आली. काठी छातीशी. ती थांबली.

“सोडू का, बुवा?” सुदर्शननं विचारलं.

“तू सोडलीस का?”

“तुम्ही सांगाल तेव्हा ना.”

“मी तुझ्यासाठी थांबलोय.”

“पण तुम्हीच तर म्हणालात…”

“काय म्हणालो?”

सुदर्शननं टोक धरूनच ठेवलं. बुवांनीही. काठी आडवीच. घड्याळात चार वाजायला आले होते. सुवर्णाला वाटलं, ही काठी हिसकावून दोघांच्या पाठीत एकेक घालावी. ही माणसं तिच्या पोरीचं वर्ष हातात धरून बसली होती, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर कसला म्हणून पश्चात्ताप नव्हता.

ईश्वरीला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. तिला फक्त काठी दिसली, आणि काठीखालची जागा. ती वाकली, खालून आत गेली, आणि लॅपटॉपपुढं सुदर्शनच्या चटईवर जाऊन बसली.

…सुदर्शनच्या हातातलं टोक आपोआप खाली आलं.

तो चटईवर तिच्या शेजारी बसला. फिरणाऱ्या गोलाकडे त्यानं एकदा बघितलं. मग मान वळवून म्हणाला, “बुवा, दोघांतला कुठला काढू?”

“परत मलाच विचारतोयस?”

सुदर्शननं एक काढला. मग कचरावाला काढला, वेगवाला काढला. लॅपटॉप बंद केला, पुन्हा चालू केला. तेवढ्या वेळात सुवर्णानं पिशवीतली कागदं चारदा काढली आणि चारदा आत ठेवली.

लॅपटॉप चालू झाला. फॉर्म उघडला, एका दमात.

नाव. जन्मतारीख. फोटो. कानाच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट. शेवटचं हिरवं बटण आलं, आणि सुदर्शनचं बोट त्याच्यावर येऊन थांबलं.

“ताई, एकदा सगळं परत तपासून घेतलं तर…”

सुवर्णानं ईश्वरीचं बोट धरलं आणि बटणावर टेकवलं.

फॉर्म पोचल्याचा नंबर आला. साडेचार व्हायचे होते. सुवर्णानं तो नंबर आधी कागदावर लिहिला, कागद हरवेल म्हणून तळहातावर लिहिला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय. ईश्वरीनं तिच्या गालाला हात लावून बघितला.

मायलेकी ओट्यावर आल्या. तिथं एक म्हातारा पेन्शनची कागदं गुडघ्यावर घेऊन बसला होता, त्याच्यामागं आणखी दोन बाया.

आतून सुदर्शनचा आवाज आला.

“बुवा, आता चाललाय खरा. पण उद्या बंद पडला तर? आजचा दिवस द्या मला. काय राहिलंय, काय नाही, शांतपणे बघतो. उद्यापासून लोक घेऊ.”

बुवा चिखलाचे पाय तसेच घेऊन दारापर्यंत आले. ओट्यावर नजर टाकली.

“पुढचं कोण आहे? या आत.”